शाळेची व्हॅन आणि मुलांची हजेरी : सिंहगड रस्त्यावरील एका वाहतूक सेवेचे परीक्षण

मुलांसाठी शाळेची व्हॅन ठरवताना पालक साधारणपणे तीन प्रश्न विचारतात : महिन्याचे किती, गाडीत मुले किती आणि दारापर्यंत येणार का. हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु एका सेवेचा संपूर्ण शैक्षणिक वर्षाचा अनुभव घेतल्यावर, आणि त्याआधी निवृत्तीपर्यंत प्राथमिक शाळेत वर्गशिक्षिका म्हणून रोज हजेरी घेतलेली असल्यामुळे, मला असे ठामपणे वाटते की आणखी एक प्रश्न या तिघांच्याही आधी विचारला गेला पाहिजे : तुमच्या गाडीतील मुले वर्षातून किती दिवस शाळेत पोचतात आणि त्यांतले किती दिवस वेळेवर पोचतात? मूल शाळेत नियमित जाते की नाही हे त्याच्या आवडीवर किंवा पालकांच्या शिस्तीवर जितके अवलंबून असते, तितकेच ते सकाळी घराच्या फाटकापासून शाळेच्या फाटकापर्यंतच्या त्या पाऊण तासाच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. म्हणून या परीक्षणात मी गाडीच्या आसनांपेक्षा हजेरीविषयी अधिक लिहिणार आहे.

ही सेवा एक दांपत्य चालवते. त्यांच्याकडे दोन ईको आणि एक विंगर अशा तीन पिवळ्या गाड्या असून धायरी फाट्यापासून वडगाव, माणिकबाग, आनंदनगर, विठ्ठलवाडी असे थांबे घेत, राजाराम पुलाच्या चौकातून दांडेकर पुलामार्गे त्या टिळक रस्त्याच्या आसपासच्या शाळांकडे जातात. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्याने मी ते देत नाही. आमच्या भागात ‘ताईंची व्हॅन’ एवढे म्हटले तरी कोणीही पत्ता सांगते. माझा नातू सहावीत आणि नात तिसरीत, दोघे एकाच शाळेत आहेत. मुलगा आणि सून दोघेही हिंजवडीला नोकरी करतात आणि सकाळी लवकर घर सोडतात, त्यामुळे व्हॅन आली नाही तर मुलांना शाळेत पोचवायला घरात वाहन चालवणारे कोणीही उरत नाही. शहरातील असंख्य घरांची आज हीच स्थिती आहे आणि म्हणूनच या सेवेकडे केवळ सोय म्हणून पाहणे मला अपुरे वाटते.

त्यात वेळापत्रकाचा एक मोठा बदल झालेला आहे. लहान मुलांची झोप पुरी होत नाही या कारणास्तव राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. निर्णयामागचा हेतू मला मान्य आहे. पहिल्या तासाला डोळे चोळत बसलेली मुले मी वर्षानुवर्षे पाहिलेली आहेत. पण त्याचा परिणाम असा झाला की ज्या शाळांत मोठी मुले सातच्या सुमारास येतात आणि धाकटी नऊला, तेथे एकाच घरातील भावंडे दोन वेगवेगळ्या फेऱ्यांनी जाऊ लागली. दुसरी फेरी नेमकी कार्यालयात जाणाऱ्यांच्या गर्दीत सापडते. सिंहगड रस्त्यावरून त्या वेळी जाणाऱ्याला वेगळे सांगायला नको. या सेवेने दुसऱ्या फेरीचा पहिला थांबा आठच्या आधी घेतला आणि शाळेत पावणेनऊपर्यंत पोचण्याचे ठरवले. मुलांना पंधरा मिनिटे पटांगणात थांबावे लागते, पण शाळेनेही त्यासाठी फाटक लवकर उघडण्याची तयारी दाखवली. नऊला शाळा आहे म्हणून नऊला पाच मिनिटे असताना पोचण्याचा हिशेब करणाऱ्या गाड्यांतील मुले प्रार्थना संपत असताना वर्गात शिरतात. उशीर झालेले मूल हजेरीत ‘हजर’ दिसते खरे, पण दिवसाचा पहिला तास त्याच्या हाताला लागलेला नसतो.

या सेवेकडे येण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका खासगी व्हॅनमध्ये मुलांना पाठवत होतो. तिचे दर थोडे कमी होते आणि चालक गाडीही व्यवस्थित चालवत असे. अडचण एवढीच होती की महिन्यातून काही वेळा पहाटे मोबाइलवर ‘आज गाडी येणार नाही’ असा निरोप येत असे. कधी गाडीची बॅटरी उतरलेली, कधी चालक गावी गेलेला, तर कधी काहीच कारण नाही. निरोप आला की घरात धावपळ सुरू होई. रिक्षा मिळाली तर मिळाली, नाही तर मुले घरी राहत. चालकाच्या लेखी तो एका फेरीचा प्रश्न होता. मुलांच्या लेखी मात्र तो एक पूर्ण दिवस होता, आणि त्यातही वाईट गोष्ट अशी की शाळा बुडाली तरी फारसे काही बिघडत नाही, हे त्यांना घरबसल्या शिकायला मिळत होते. नियमितपणाची सवय ज्या सातत्याने लागते, त्याच सातत्याने ती मोडतेही.

आता ताईंच्या वहीविषयी. पहिल्या गाडीत पुढच्या आसनावर एक लांब, जाड पुठ्ठ्याची वही असते. तिच्या डाव्या रकान्यात थांब्यांच्या क्रमाने मुलांची नावे आणि वर एक ते एकतीस तारखा आहेत. मूल गाडीत चढले की निळ्या पेनने बरोबरची खूण, परतीच्या फेरीत त्याच चौकटीत दुसरी खूण. मूल आले नाही तर लाल पेनने एक अक्षर. ‘आ’ म्हणजे आजारी, ‘गा’ म्हणजे गावी, ‘का’ म्हणजे घरी कार्य, आणि कारण कळले नसेल तर नुसते प्रश्नचिन्ह. मी स्वतः अनेक वर्षे कॅटलॉग भरलेला आहे, म्हणून हे आवर्जून सांगते की शाळेच्या हजेरीत गैरहजेरीची खूण असते, कारण नसते. या वहीत कारण आहे. प्रश्नचिन्ह लागले की त्याच दिवशी दुपारी घरी फोन येतो. आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा ताई एवढेच म्हणाल्या, ‘‘बाई, आज धाकटी खाली दिसली नाही. बरं आहे ना तिला?’’ त्या आवाजात चौकशी होती, जाब नव्हता. सलग दोन दिवस मूल आले नाही आणि घरून काही कळले नाही, तर त्या वर्गशिक्षिकेच्या कानावर घालतात. हे काम त्यांच्याकडे कोणी सोपवलेले नाही आणि त्याचे वेगळे पैसेही त्या घेत नाहीत.

या वहीचा एक उपयोग मी जवळून पाहिला, तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. गाडीतील दुसरीतली एक मुलगी आठवड्यातले पाच दिवस अगदी वेळेवर यायची आणि शनिवारी नसायची. शनिवारी अर्धा दिवस शाळा, पुष्कळ कुटुंबे त्या दिवशी गावाकडे निघतात, त्यामुळे शाळेतही कोणाला त्याचे विशेष वाटले नव्हते. घरून ‘पोट दुखतंय’ असे सांगितले जाई. ताईंनी दोन महिन्यांची पाने उलटून पाहिली तेव्हा तिच्या नावापुढचे लाल ‘आ’ शनिवारच्याच रकान्यांत आलेले दिसले. दर शनिवारी नेमाने येणारा आजार नसतो हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी मुलीला काही विचारले नाही. परतीच्या फेरीत तिच्या आईशी बोलल्या. शनिवारी कवायतीसाठी पांढरा गणवेश आणि पांढरे बूट लागतात. गेल्या वर्षीचे दोन्ही लहान झाले होते, नवे घेणे त्या महिन्यात जमत नव्हते, आणि निळ्या गणवेशात रांगेत वेगळे उभे राहावे लागेल म्हणून मुलगी जायला तयार होत नव्हती. वर्गशिक्षिकेला हे कळताच शाळेकडे ठेवलेल्या मोठ्या मुलांच्या गणवेशांतून तिच्या मापाचा मिळाला आणि त्या आठवड्यापासून शनिवार सुरू झाले. मुलांच्या गैरहजेरीमागे आळस किंवा अभ्यासाची नावड असते असे आपण पटकन धरून चालतो. माझा अनुभव असा आहे की बहुतेक वेळा मागे एखादी अशीच छोटी, सांगायला संकोच वाटणारी गोष्ट असते : न झालेला गृहपाठ, एखाद्या मुलाचे चिडवणे, स्वच्छतागृहाची भीती, न मिळालेली वही. ती शोधायला कोणीतरी दिवसांकडे एकत्र पाहावे लागते.

थांब्यावरची शिस्तही मला आवडली. गाडी हॉर्न वाजवत नाही. ठरलेल्या वेळेला येते, दोन मिनिटे थांबते आणि निघते. मूल खाली आलेले नसेल तर ताई फोन करून पुढचा थांबा सांगतात : ‘‘विठ्ठलवाडीच्या कमानीपाशी दहा मिनिटांत पोचतोय, तिथे गाठा.’’ त्यामुळे एका मुलासाठी बाकीची मुले खोळंबत नाहीत आणि उशीर झालेल्या मुलाचा दिवसही वाया जात नाही. सुरुवातीला काही पालकांना हे कठोर वाटले. दोन-तीन महिन्यांत मुलेच आदल्या रात्री दप्तर भरून ठेवू लागली, हे मी आमच्या इमारतीतल्या चार-पाच घरांत पाहिले आहे. गाडी बिघडली तर काय करायचे हेही आधीच ठरलेले आहे. त्याच रस्त्यावरच्या आणखी एका व्हॅनमालकाशी त्यांचा समझोता असून एकाची गाडी बंद पडली की दुसरा फेरी करतो. वर्षभरात गाडी बिघडल्याचे प्रसंग आले, पण त्यामुळे मुले घरी राहिली असे झाले नाही.

पुण्यात शालेय वाहतूक करणाऱ्याला शहराचे पंचांगही पाठ असावे लागते. शाळा जूनमध्ये सुरू होतात न होतात तोच ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात येतात आणि रस्ते बदलतात. पुढे गणेशोत्सवात मध्यवर्ती भागातले रस्ते संध्याकाळी बंद होतात आणि विसर्जन मिरवणुकीच्या आसपास तर दुपारपासूनच हालचाल अवघड होते. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या काठावरची सगळी वाहतूक उरलेल्या पुलांवर येते. जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हापासून आमच्या रस्त्यावरचे पालक विसर्गाच्या बातम्या विशेष लक्ष देऊन वाचतात. या सेवेकडून अशा प्रत्येक दिवसाच्या आदल्या संध्याकाळी बदललेली वेळ आणि मार्ग कळवला जातो. मुसळधार पावसात शाळेला सुट्टी आहे की नाही हे न कळल्याने अर्धी मुले घरी राहतात, असे दरवर्षी होते. येथे मुख्याध्यापकांना विचारून खात्रीचा निरोप येतो, म्हणून अफवेवर सुट्टी घेतली जात नाही.

हे एवढे बारकाईने का पाहायचे, असे कोणी विचारील. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास सांगितले आहेत. आता आठवड्यातून केवळ एक दिवस शाळा बुडवणाऱ्या तिसरीतल्या मुलाचा हिशेब करा. सहा दिवसांच्या आठवड्यात त्याचे २०० पैकी सुमारे ३३ दिवस जातात, म्हणजे साडेपाच आठवडे. प्रगतिपुस्तकावर उपस्थिती ८३ टक्के दिसते आणि ती कोणालाच खटकत नाही, कारण गुणांच्या रकान्यात ८३ म्हणजे चांगले यश अशी आपली नजर तयार झालेली आहे. अमेरिकेत दहा टक्के किंवा त्याहून अधिक दिवस बुडवणारे मूल ‘सतत गैरहजर’ धरून त्याच्याकडे वेगळे लक्ष देण्याची पद्धत रूढ आहे. आपल्याकडे त्याच मुलाच्या उपस्थितीपुढे ‘समाधानकारक’ असा शेरा पडतो.

प्राथमिक वर्गात तर बुडालेल्या दिवसाची किंमत पुस्तकाच्या पानांत मोजता येत नाही. दुसरीत हातच्याची वजाबाकी शिकवताना एका दिवशी दशकाची जुडी सोडून दहा काड्या सुट्या करायच्या असतात. मुले प्रत्यक्ष दोरा सोडतात, काड्या मोजतात, पुन्हा बांधतात. त्या दिवशी घरी राहिलेले मूल दुसऱ्या दिवशी फळ्यावर वरच्या आकड्यावर काट मारून शेजारी एक लिहिलेला पाहते आणि तशीच काट मारायला शिकते. त्याला उत्तर येते, पण एक कोठून आला हे कळत नाही, आणि तिसरीत शून्य असलेल्या संख्येतून वजाबाकी करायची वेळ आली की ते अडते. मैत्रिणीची वही आणून उतरवून घेतल्याने ही तूट भरत नाही, कारण वहीत काड्या नसतात. जोडाक्षरांचे, भागाकाराचे, नकाशा वाचण्याचेही असेच आहे. शिवाय गटात बसून केलेले काम, खेळातली जागा, डब्याच्या सुट्टीतली मैत्री हे सारे रोजच्या येण्याने टिकते. वारंवार गैरहजर राहणारे मूल परत येते तेव्हा गटात त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते, आणि मग त्यालाच शाळेत यावेसे वाटेनासे होते.

याचा अर्थ मुलाला कसेही करून शाळेत ढकलावे असा मुळीच नाही, आणि या बाबतीतही सेवेचे धोरण मला योग्य वाटले. ताप असलेले, डोळे आलेले किंवा अंगावर कांजिण्यांसारखे फोड दिसणारे मूल ताई गाडीत घेत नाहीत. पालक रागावले तरी नम्रपणे परत पाठवतात. बंद गाडीत मुले दाटीने बसतात, एकाचा संसर्ग आठवड्यात सगळ्यांना होतो आणि एका दिवसाच्या हट्टापायी अनेक मुलांचे अनेक दिवस जातात. वर्षअखेर शंभर टक्के उपस्थितीबद्दल प्रमाणपत्र देण्याची प्रथा काही शाळांत आहे. ती बंद व्हावी असे माझे मत आहे, कारण तिच्यामुळे आजारी मूलही रडत शाळेत येते आणि खरोखर आजारी पडलेल्याला उगाच अपराधी वाटते. विनाकारण एकही दिवस बुडू नये एवढे ध्येय पुरेसे आहे.

आता उणिवा. सर्वांत गंभीर उणीव दुसऱ्या गाडीची आहे. पहिल्या गाडीत ताई स्वतः असतात आणि विंगरमध्ये एक मावशी नेमलेल्या आहेत, परंतु दुसऱ्या ईकोत दुपारच्या परतीच्या फेरीला बऱ्याच वेळा चालकाशिवाय कोणी मोठे माणूस नसते. राज्यात २०११ पासून शालेय बससाठी स्वतंत्र नियमावली लागू आहे. मुलांसोबत सहायक असणे, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शाळेची परिवहन समिती या गोष्टी तिच्यात सांगितलेल्या आहेत. पेटी आणि अग्निशामक तिन्ही गाड्यांत मी पाहिले आहेत, योग्यता प्रमाणपत्राची प्रतही मागितल्यावर लगेच दाखवण्यात आली. सहायकाच्या बाबतीत मात्र ‘माणूस मिळत नाही’ हे उत्तर मला पटलेले नाही. लहान मुली असलेल्या गाडीत ही तडजोड चालणार नाही, आणि एखाद्या आईला त्या एका कारणासाठी मुलीला घरी ठेवावेसे वाटले तर तिला दोष देता येणार नाही. सुरक्षिततेची खात्री नसेल तर उपस्थितीचा आग्रह धरायला आपल्याला तोंड उरत नाही.

बाकीच्या तक्रारी त्या मानाने लहान आहेत. परतीच्या फेरीत धायरी फाट्याच्या मुलांना जवळजवळ तासभर गाडीत बसावे लागते. मार्च-एप्रिलच्या उन्हात ती घामाघूम होऊन उतरतात. क्रम एका महिन्याआड उलटा केला तर हा त्रास वाटला जाईल, असे मी सुचवले आहे. गाडी कोठे आहे हे मोबाइलवर दाखवणारी सोय त्यांच्याकडे नाही. मला तिची गरज वाटली नाही, परंतु दोघेही दूर नोकरीला असलेल्या आईवडिलांना तिचा आधार वाटतो हे खरे आहे. मे महिन्याचे अर्धे पैसे घेण्याविषयी दरवर्षी कुरबूर होते. चालकांना सुट्टीतही गाडीचे हप्ते आणि विमा भरावा लागतो, त्यामुळे मला ते वाजवी वाटते. मात्र हे प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगितले तर वाद होणार नाहीत.

एका गोष्टीची खंत या सेवेपुरती मर्यादित नाही. ज्या घरांना महिन्याला दोन हजार दोनशे रुपये परवडतात, त्यांच्या मुलांची हजेरी अशी सांभाळली जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलाला शाळेचे शुल्क पडत नाही, पण रोज शाळेपर्यंत पोचण्याचा खर्च बहुधा घरालाच करावा लागतो. आमच्याच थांब्याजवळच्या एका अरुंद गल्लीत राहणाऱ्या अशा एका मुलाला वडील कामावर जाता जाता दुचाकीवरून सोडतात. ज्या दिवशी त्यांना लवकर कामावर जावे लागते, त्या दिवशी मुलाची शाळा बुडते. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. आजच्या कायद्याने मुलांच्या उपस्थितीवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकलेली आहे, आणि मुलाच्या नियमितपणाविषयी पालकांना वेळोवेळी कळवण्याचे कर्तव्य शिक्षकांवर. या गल्लीतल्या वडिलांना दंडाचीही गरज नाही आणि उपदेशाचीही; त्यांना हवी आहे गाडीत एक जागा. ताईंनी गेल्या दिवाळीपासून दोन मुलांना निम्म्या दरात घेतले आहे. त्यांच्या मिळकतीच्या मानाने हे पुष्कळ आहे. शाळांच्या पालक-शिक्षक संघांनी अशा चार-पाच जागांचे पैसे उभे केले तर व्हॅनवाल्यांवर भार पडणार नाही, आणि माझ्या मते स्नेहसंमेलनाच्या मांडवावरचा थोडा खर्च कमी करून ते सहज जमेल.

सहावी-सातवीच्या पुढच्या मुलांसाठी व्हॅनचा हट्ट धरू नये, असेही मला येथे नमूद करावेसे वाटते. दोन-तीन मुले सोबत असतील आणि थांबा जवळ असेल, तर पीएमपीच्या बसने जाणे त्यांच्या वाढीला चांगलेच आहे. गाडी चुकली तर पुढची येते आणि कोणाच्या निरोपावर दिवस अवलंबून राहत नाही. नातवाला सातवीपासून बसचा पास काढून द्यायचे आम्ही ठरवले आहे. दप्तरे बाहेर लोंबकळणाऱ्या, मुलांच्या मांडीवर मुले बसवून नेणाऱ्या रिक्षांची शिफारस मात्र मी कोणत्याही वयासाठी करणार नाही, त्या कितीही वेळेवर येत असल्या तरी.

ज्यांना या सेवेत जागा हवी असेल त्यांनी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात चौकशी करावी. जूनमध्ये जागा राहत नाहीत. दर अंतराप्रमाणे बदलतात, भावंडांसाठी थोडी सूट मिळते आणि अर्धे वर्ष झाल्यावर सोडल्यास एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते. चौकशीला गेल्यावर ताईंची वही दाखवायला सांगा, त्या आनंदाने दाखवतात. आणि आपल्या मुलाला कोणत्या गाडीत बसवणार, त्या गाडीत परतीच्या फेरीला कोण असणार, हे स्पष्ट विचारून घ्या. नातीचे नाव पुढील वर्षासाठी मी पहिल्या गाडीत नोंदवले आहे. दुसऱ्या गाडीत जूनपर्यंत मावशी नेमल्या गेल्या नाहीत, तर तो विषय शाळेच्या परिवहन समितीच्या बैठकीत मांडणार असल्याचे मी त्या दोघांना समक्ष सांगितले आहे, आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेऊन माणसाचा शोध सुरू केल्याचे परवाच कळवले आहे.